शेवटच्या घरचा नळ

पाणी सुटायचा दिवस असला की पिंपळहाळीच्या वरच्या गल्लीत एकमेकींचं बोलणं ऐकू येत नाही. घरोघरी नळाला टिल्लू जोडलेला असतो. टिल्लू म्हणजे ती हातभर लांबीची मोटर हो, जी नळाला लावली की गल्लीतली धार आपल्या हौदाकडं ओढून घेते. ती लावायला कायद्यानं बंदी आहे. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती सगळ्यांकडं होती. तुमच्या गल्लीत नसेल तर तुम्ही भाग्यवान, नाहीतर शेजारणीच्या न्हाणीत डोकावायची वेळ तुमच्यावर अजून आलेली नाही.

पहिली मोटर कुणी लावली हे कुणालाच सांगता येत नव्हतं. एकीनं लावली म्हणून शेजारणीचा नळ कोरडा पडला, म्हणून शेजारणीनं लावली, म्हणून तिच्या पलीकडची रिकामा हंडा घेऊन रडत बसली आणि पुढच्या आठवड्यात तिच्याही नवऱ्यानं अहमदपूरहून एक आणली. असं करत करत मोटरी उताराला लागल्या आणि शेवटच्या घरापर्यंत पोचल्या. आपण काही वाईट करतो आहोत असं कुणाला वाटलंच नाही. जो तो आपलं घर बघत होता, एवढंच.

गल्लीच्या तोंडाशी मल्लिनाथ यांचं किराणा दुकान आणि त्याला लागून घर. त्यांची बायको महानंदा ग्रामपंचायतीची सदस्य होती. गल्लीनं तिला बिनविरोध निवडून दिलं होतं, कारण ती कुणालाच नाही म्हणत नसे. कुणाच्या घरी बाळंतीण असो, कुणाचा नवरा रुसून शेतात जाऊन बसलेला असो, महानंदाअक्का तिथं हजर. पंचायतीकडून येणारी वाट तिच्या ओट्यावरून सरळ दिसायची. ग्रामसेविका सिंधु मॅडमची पांढरी स्कूटी वळणावर दिसली की महानंदा गल्लीकडं तोंड करून हाक द्यायची, "पाहुणे आले गं बायांनो!"

बस्स! चुलीवरचं दूध उतू गेलं तरी हरकत नाही, पण मोटर आधी लपली पाहिजे. कुणाची कडब्यात, कुणाची कपड्यांच्या टबात, कुणाची ज्वारीच्या कणगीआड. सिंधु मॅडम गल्लीत पाऊल टाकायच्या तेव्हा गल्ली अशी गप्प झालेली असायची की जणू तिथं पाण्याची कुणाला गरजच नाही.

त्या दिवशीही तसंच झालं. महानंदानं आपली मोटर बाजेवर पडलेल्या सासूच्या, शरणम्माच्या, पायाशी गोधडीखाली सारली आणि पदर सावरत दारात आली.

"या मॅडम, या."

"पाहुणी आले म्हणे मी," सिंधु मॅडम चप्पल काढत म्हणाल्या. "मग चहा तरी ठेवा."

महानंदा ओशाळली. मॅडम आत येऊन बाजेच्या कडेला बसल्या आणि त्यांचा हात सहज गोधडीवर गेला.

"अव्वा, गोधडी लई गरम लागून राहिली."

"अंगात ताप हाय माय," शरणम्मा म्हणाली.

"पायाला ताप?"

"आमच्या वयात कुठंबी येतो. सांगून येतो का त्यो?"

दारात जमलेल्या बायका खिदळल्या. मॅडमनाही हसू आवरलं नाही. त्या हदगावच्या. नोकरीनिमित्त एकट्या राहत होत्या, आणि गल्लीतला चहा त्यांनाही गोड लागायचा. पण कप खाली ठेवल्यावर त्या गंभीर झाल्या.

"महानंदाताई, तुम्ही सदस्य आहात. अन् तुम्हीच खबर देता?"

"रागाला येऊ नका मॅडम. तुम्ही उद्या बदलून जाल. माझ्या घरी काही बरंवाईट झालं तर धावून येणारी हीच माणसं हायत. ह्यांच्या मोटरी मी धरून देऊ? मग ह्यांच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?"

"म्हणूनच तर तुम्हाला सांगून राहिले. गल्लीचा पाइप नालीतून गेलाय. तुम्ही तर रोज बघता. जागोजाग त्याचे सांधे ढिले झालेत. लेकरू पीत असतं तेव्हा दूध संपलं तरी ओढायचं थांबतं का? तशी ही मोटर. पाइपातलं पाणी संपलं तरी ओढतच राहते. मग सांध्यातून काय आत येत असेल, सांगा बरं?"

मग एकीनं विचारलं, "मग पंचायतीनं पाइप नालीतून काढावा की! ते तर पंचायतीचं काम हाय."

"बरोबर! शंभर टक्के बरोबर!" मॅडम म्हणाल्या. "पण हे विचारायला ग्रामसभेला कोण आलं? सभेचं रजिस्टर शिपाई घरोघर फिरवतो आणि तुम्ही भाकरी थापता थापता सही करता. पंचायतीला कुणी विचारतच नाही, म्हणून पंचायत काही करत नाही. पंचायत काही करत नाही, म्हणून तुम्ही मोटर लावता. मी कागद लावून दमले. माझ्या नोटिशीनं एक मोटर निघत नाही, अन् ताई, तुमच्या एका हाकेनं सगळ्या आत जातात. ही ताकद कोणत्या कामाला लावायची ते तुमचं तुम्ही ठरवा."

"सरपंच अण्णाराव दादा म्हणजे घरचंच माणूस," महानंदा हळूच म्हणाली. "घरच्या माणसाला सभेत उभं राहून काय विचारायचं?"

मॅडमनी चपला पायात सरकवल्या. त्या गेल्या, आणि स्कूटीचा आवाज विरायच्या आत गल्लीत मोटरी पुन्हा सुरू झाल्या. "पायाला ताप" ही गंमत मात्र पुढं बरेच दिवस गल्लीत फिरत राहिली.

गल्लीच्या शेवटी उताराला वैजनाथ आणि उज्वलाचं घर होतं. सरपंच अण्णाराव हे वैजनाथचे चुलतभाऊ. तरी पाणी सगळ्यात कमी ह्यांच्याच घरी. उज्वला कधी कुरकुरली नाही. महानंदाच्या हौदातून चार घागरी घेऊन जायची आणि जाताना दुकानासमोर झाडू मारून जायची. दोघी काही नात्याच्या नाहीत, जातीच्या नाहीत. पण उज्वलाची मुलगी ऋतुजा महानंदाच्या ओट्यावर चालायला शिकली, आणि पहिला शब्द "आई" म्हणाली की "अक्का", यावरून दोघी अजूनही भांडायच्या.

ऋतुजाचं लग्न होऊन ती लातूरला गेली होती. जावई सत्यम एका खासगी बँकेत. महालक्ष्म्यांच्या सणाच्या आधी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार, हे ठरलं आणि उज्वलाचा जीव पाण्यासाठी कासावीस झाला.

"अक्का, बाळंतिणीला पाणी किती लागतं! शेक, आंघोळ, बाळोती. माझ्या नळाला तर करंगळीएवढी धार न्हाई."

"मग मोठी मोटर घे की," महानंदा म्हणाली. "तुझं घर शेवटचं. टिल्लूनं भागायचं न्हाई. आमचे हे उद्या माल आणायला अहमदपूरला चाललेत. सांगते आणायला."

मल्लिनाथ यांनी मोटर आणली, वैजनाथनं बसवली. पहिल्याच दिवशी उज्वलाचा हौद काठोकाठ भरला. तिनं हौदाला हळदकुंकू वाहिलं आणि महानंदाच्या हातावर गूळ ठेवला. त्या दिवशी त्या दोघींइतकं सुखी गावात कुणी नव्हतं.

ऋतुजा आली. गल्ली तिचे लाड करायला लागली. कुणी धपाटे केले, कुणी अंबाडीची भाजी, कुणी येसराची आमटी पाठवली. तिला वाकता येईना, तरी ती रांजणाशी जाऊन तांब्या बुडवायची.

"लातूरच्या फिल्टरच्या पाण्याला चवच न्हाई अक्का," ती महानंदाला म्हणायची. "तिथं किती पिलं तरी तहान भागत नव्हती."

"पी बाई, पी. माहेर हाय तुझं."

आणि ती प्यायली.

त्याच सुमाराला सिंधु मॅडमनी पाण्याचा नमुना तपासायला पाठवला होता. तो पिण्यालायक नाही असं उत्तर आलं. घंटागाडीवरच्या भोंग्यातून त्यांनी पाणी उकळून प्यायला सांगितलं. पण भोंगा तर प्रत्येक पावसाळ्यात तेच सांगतो. कचरा टाकता टाकता कोण ऐकतं? मग मॅडमनी पक्कं ठरवलं, आता मोटरी जप्तच करायच्या. सरपंच अण्णारावांना त्यांनी बळंच सोबत घेतलं. अण्णाराव रस्ताभर म्हणत होते, "मॅडम, आपलीच माणसं हायत हो. उद्या त्यांच्या घरी लग्नाला जेवायला बसायचंय."

या वेळी महानंदानं हाक दिली नाही. सरपंच सोबत दिसल्यावर ओरडायची सोय नव्हती. तिनं फोन लावला, आणि पहिला लावला तो उज्वलाला. "आधी तुझी लपव. नवीकोरी हाय. न्हेली तर परत मिळायची न्हाई."

उज्वलानं मोटर काढली खरी, पण ती जड, ठेवायची कुठं? तिनं ती ऋतुजाच्या खाटेखाली ढकलली. ऋतुजा हसत हसत वर बसली आणि तिनं साडीचा घोळ खाली सोडला.

सिंधु मॅडम दारात आल्या. खाटेखाली तारेचं टोक दिसत होतं. न्हाणीपासून खाटेपर्यंत ओली रेघ उमटली होती. त्यांनी ती पाहिली. मग त्यांनी ऋतुजाकडं पाहिलं. पोट पुढं आलेलं, चेहऱ्यावर तेज, आणि ओठांवर चोरी पकडली जाण्याआधी लहान मुलांच्या ओठांवर असतं तसं हसू.

ऋतुजा उठायला लागली.

"उठू नका, बसा," मॅडम म्हणाल्या. "जपा स्वतःला. पाणी उकळून प्या हं." आणि त्या मागं फिरल्या. त्या दिवशी एकही मोटर जप्त झाली नाही.

सांगा वाचकहो, कुणाला दोष द्यायचा? आईला लेकीची माया होती. शेजारणीला शेजारणीची होती. सरपंचाला भावकीची, आणि त्या परक्या बाईलासुद्धा गरोदर पोरीला उठवायचं जिवावर आलं. त्या घरात त्या क्षणी कुणाच्याही मनात वाईट नव्हतं.

दसऱ्याच्या आसपास ऋतुजाला बारीक ताप आला. जेवण नकोसं झालं, उलट्या सुरू झाल्या. दिवस भरत आले की असं होतंच, असं सगळ्याच म्हणाल्या. सगळ्यांना बाळंतपणाचा अनुभव होता ना! गल्लीत आणखी दोन-तीन माणसं आजारी होती, पण हवा बदलली की होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी महानंदा तिला उजेडात घेऊन वेणी घालायला बसली आणि तिचा हात थांबला. ऋतुजाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

अहमदपूरच्या डॉक्टरांनी डोळे पाहिले आणि हातही न लावता म्हणाले, "नांदेडला न्या. आत्ताच न्या." गाडीत उज्वलानं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, महानंदानं पाय. ऋतुजा मधेच शुद्धीत यायची. एकदा म्हणाली, "अक्का, आईनं सकाळपासून काही खाल्लं न्हाई. तिला काहीतरी खायला घाला." दुसऱ्यांदा ती बोलली, तेव्हा तिनं आईला ओळखलं नाही.

नांदेडच्या दवाखान्यात त्यांनी बाळ बाहेर काढलं. मुलगी होती. मुठीएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आणि तिच्या आईला दुसऱ्या खोलीत नेलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कावीळ झाली आहे. ती घाणेरड्या पाण्यातून होते, आणि गरोदर बाईला फार वाईट होते. पाणी कुठलं पीत होती?"

उज्वलाला वाटलं, लेकीला माहेरी नीट जपलं का म्हणून विचारतायत. ती हात जोडून म्हणाली, "घरच्याच नळाचं बाई. तिला पाणी कमी पडू दिलं न्हाई. तिच्यासाठी ह्यांनी मोठी मोटर बसवली की. हौद भरून पाणी होतं."

महानंदा भिंतीला टेकली. सिंधु मॅडमचे शब्द तिच्या कानात आले, लेकरू पीत असतं तसं. पाइपातलं पाणी संपलं तरी ओढतच राहते. गल्लीतल्या सगळ्या मोटरींत मोठी मोटर. गल्लीतलं शेवटचं घर. सगळ्या नालीचा उतार तिकडंच!

तिनं उज्वलाकडं पाहिलं. उज्वला अजून हात जोडून उभी होती. तिला काही कळलं नव्हतं, आणि देवा, महानंदाच्या मनात आलं, हिला कधीच कळू नये.

ऋतुजा पुन्हा शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिला पिंपळहाळीला आणलं तेव्हा गल्लीतल्या एकाही घरात चूल पेटली नव्हती. बायकांनी उज्वलाला धरलं, पुरुषांनी वैजनाथला. सत्यम बाळाला नांदेडला आपल्या आईजवळ ठेवून आला होता. ज्यांचं वर्षभर वैजनाथशी बांधावरून वाजलं होतं, ते सुद्धा लाकडं वाहायला पुढं होते. अशी गल्ली शोधून मिळणार नाही, असं त्या दिवशी कुणीही म्हटलं असतं.

अग्नी देऊन माणसं परतली. आता सगळ्यांना आंघोळी करायच्या होत्या, आणि नेमका तो पाण्याचा दिवस होता. पाणी सुटलं. आणि एकेका घरातून मोटरी सुरू झाल्या.

महानंदा उज्वलाच्या शेजारी बसली होती. गल्लीभर तो आवाज भरला. तिला आपल्या घरच्या मोटरीचा आवाज वेगळा ओळखू आला. ती उठली, धावतच घरी गेली. मल्लिनाथ ओल्या धोतरानं न्हाणीत उभे होते.

"बंद करा ती!"

"अगं, आंघोळ..."

"बंद करा म्हणते ना! लेकरू गिळलं आपण! अजून किती पाणी पाहिजे?"

तिनं पिन उपटली, पाना घेऊन मोटर नळापासून तोडली आणि ती उरापाशी धरून गल्लीत आली. पाणी गळत होतं, लुगडं भिजत होतं. ती भर गल्लीत मोटर आपटून खाली बसली आणि ओरडून रडली. घराघरातून बायका बाहेर आल्या. एकेक मोटर थांबली. पाण्यानंच पोर गेली, हे सगळ्यांनाच कळलं होतं.

दोन दिवसांनी सिंधु मॅडम तिच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांचे डोळे सुजले होते.

"मी त्या दिवशी तिला उठवायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मला दिसत होतं ताई. तारेचं टोक दिसत होतं."

"मी फोन केला होता, मॅडम. पहिला फोन."

मग मॅडम म्हणाल्या, "मी परकी. मी मोटर नेली असती तर उद्या दुसरी आली असती, अन् तुम्ही सगळ्यांनी मिळून मला शिव्या दिल्या असत्या. परक्या माणसाच्या धाकानं पाळलेला नियम त्याची पाठ फिरेपर्यंतच टिकतो. पण शेजारणीसमोर आपलं तोंड लहान होईल, ही लाज आयुष्यभर पुरते. तुमच्या गल्लीत माया लई आहे ताई. ती आम्हाला चुकवण्यात खर्च झाली. तीच एकमेकींना सांभाळण्यात लावा. ग्रामसभा आठ दिवसांवर आहे. या वेळी रजिस्टर घरी पाठवणार नाही मी. यायचं असेल तर पायानं या."

ग्रामसभेला शाळेचं पटांगण भरलं. अण्णारावांनी श्रद्धांजली वाहिली आणि पुढचा विषय घ्यायला निघाले, तेवढ्यात महानंदा उभी राहिली.

"दादा, मला बोलायचंय. सिंधु मॅडम यायच्या तेव्हा गल्लीला मी खबर द्यायची. उज्वलाला मोठी मोटर मीच घ्यायला लावली. पाइप नालीत हाय हे मला सदस्य म्हणून ठाऊक होतं, अन् मी सभेत कधी तोंड उघडलं न्हाई."

"आता सुचलं का सदस्यबाई?" मागून कुणीतरी म्हणालं.

"हाव. आता सुचलं," ती म्हणाली. "तुम्हाला कधी सुचणार?"

अण्णाराव गडबडले. "अक्का, हे घरातलं हाय. घरात बसून बोलू."

"घरात बसूनच तर इथवर आलो, दादा! इथंच बोला. पाइप नालीतून कधी काढणार?"

अण्णारावांनी मान खाली घातली. त्यांचीच पुतणी गेली होती. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यात कुणीतरी उठलं. उज्वला होती. सुतकातली बाई अशी चारचौघांत येत नाही. पण ती आली होती.

महानंदानं मान खाली घातली. उज्वलाला आता सगळं कळलं होतं. तिनं थप्पड मारली असती तरी महानंदानं गाल पुढं केला असता.

"मला कुणाला काही म्हणायचं न्हाई," उज्वला म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मागच्यांना पुढं सरकावं लागलं. "अक्कानं सांगितलं, पण मोटर मी लावली. तांब्या भरून मी दिला. माझ्या हातानं दिला. ती मोटर अजून माझ्या नळाला हाय. काढायला जाते, अन् हात चालत न्हाई. ह्यांचाही चालत न्हाई. तुम्ही सगळे या. सगळे मिळून काढा. एकट्यानं निघायची न्हाई ती."

सभा उठली आणि तशीच शेवटच्या घराकडं चालू लागली. वैजनाथनं पाना हातात घेतला, पण तो नटावर बसेना. महानंदानं त्याच्या हातावर हात ठेवला. मग अण्णारावांनी ठेवला. सांधा सुटला आणि नळाच्या तोंडातून काळपट पाणी ओघळलं. नालीचा वास न्हाणीभर पसरला. गल्लीनं तो वास घेतला. कुणी नाकाला पदर लावला नाही.

त्यानंतर मोटरी निघाल्या. सगळ्या एका दिवसात नाही, वाद न होता तर मुळीच नाही. एक आजीबाई म्हणाली, "आधी तिची काढा, मग माझी." तिची काढली, मग हिची काढावी लागली. वरच्या घरांनी चार हंडे भरले की नळ बंद करायचा, असं ठरलं. कुणी विसरलं तर शेजारीणच कडी वाजवते. पुढच्या सभेलाही माणसं आली, त्याच्या पुढच्याही. बायका पुढच्या सतरंजीवर बसून अण्णारावांना विचारू लागल्या, "दादा, पाइप?" भावकीतल्या बायकांनी दर वेळी विचारल्यावर माणूस किती दिवस चुकवणार? उन्हाळ्याच्या तोंडाला खोदकाम झालं आणि पाइप नालीच्या बाहेर, रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं गेला. सिंधु मॅडमना त्यासाठी एकही नोटीस काढावी लागली नाही.

हे सगळं आधीही करता आलं असतं. तीच गल्ली होती, तीच माणसं होती, तीच माया होती. माझ्या बायांनो, भावांनो, आपण शेजाऱ्याचं झाकतो आणि त्याला माणुसकी म्हणतो. पण ज्याला आपलं म्हणतो त्याला टोकायचा पहिला हक्क आपलाच असतो, आणि ते पहिलं कामही आपलंच असतं. पंचायत म्हणजे कुणी दुसरं नव्हे. आपण सभेला गेलो नाही की तिथल्या रिकाम्या सतरंजीवर आपलीच लेकरं उघडी पडतात. एवढं कळायला एक पोर जावी लागली, यापरता मोठा तोटा कोणता?

चैत्रात सत्यम बाळाला घेऊन पहिल्यांदा पिंपळहाळीला आला. लातूरला त्याची आई तिला सांभाळत होती. पोरगी गुटगुटीत झाली होती, कपाळ अगदी ऋतुजासारखं. गल्ली दारात गोळा झाली. उज्वलानं नातीला घेतलं, छातीशी धरलं, आणि मग जावई दारात आला आहे हे ध्यानात येऊन तिनं बाळ महानंदाकडं दिलं आणि रीतीप्रमाणं तांब्या भरून आणला.

सत्यम ओट्यावर बसला होता. त्यानं पिशवीतून लातूरहून आणलेली पाण्याची बाटली काढली, आणि बाळासाठीची दुसरी. मग त्याला सासूच्या हातातला तांब्या दिसला. त्याचा चेहरा पडला.

"आई, तसं न्हाई..." तो म्हणाला. "मला म्हायत हाय, आता पाणी चांगलं हाय इथलं. मॅडमनी सांगितलं मला. पण..."

"राहू द्या बाबा," उज्वला म्हणाली. "तुमचंच पाजा तिला. तेच बरोबर हाय."

ती तांब्या घेऊन तिथंच उभी राहिली, पुढं करता येईना, मागं नेता येईना. शेवटी महानंदानं बाळ सत्यमकडं दिलं, उठून उज्वलाच्या हातातला तांब्या घेतला आणि तोंडाला लावून सगळा पिऊन टाकला. उज्वला तिच्याकडं बघत राहिली. सत्यमनं बाटलीचं झाकण उघडलं आणि चमच्यानं लेकीच्या ओठांना पाणी लावलं.